पेंढ्यावरची माती : कुमारटुली ते पेण, प्रकल्प नोंदी

२९ ऑगस्ट २०२५, पेण

दीड दिवसाचे गणपती काल गेले. कारखान्यात आता साचे आणि न विकल्या गेलेल्या मोजक्या मूर्ती. एरवी या आठवड्यात आम्ही सगळे झोपा काढतो. यंदा मी वही उघडली आहे.

अडचण अशी की शाडूची मूर्ती दीड-दोन फुटांपर्यंत निमूट होते. त्यापुढे ती जड होत जाते, सुकताना तडकते आणि टेम्पोत चढवताना चार माणसांचा जीव टांगणीला लागतो. मंडळांना पाच फुटी हवी असते, म्हणून पीओपी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांपासून पीओपीवर बंदी, स्थगिती, कोर्ट असं चालू आहे. यंदा उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला मोकळीक दिली, पण विसर्जनाला अटी घातल्या. दरवर्षी जूनपर्यंत श्वास रोखून धंदा कुणी करायचा?

आणि तिकडे कोलकात्यात, कुमारटुली या मूर्तिकारांच्या वस्तीत, दहा-बारा फुटांच्या दुर्गा अजूनही मातीच्या होतात. बाबा म्हणतात, त्यांची माती वेगळी. दादा म्हणतो, त्यांच्या मजुऱ्या वेगळ्या. मी म्हटलं, जाऊनच बघते. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते मी, हातकाम लहानपणापासून केलं आहे. कुणी दारात अडवलं तर डोळे आखून दाखवीन.

८ सप्टेंबर, कुमारटुली

शोभाबाजार मेट्रोला उतरून रवींद्र सरणी ओलांडली की बनमाली सरकार स्ट्रीट. गल्ली एवढी अरुंद की समोरून हातगाडीवर सिंह आला तर आपण कुणाच्या तरी कारखान्यात शिरून वाट द्यायची. दोन्ही बाजूंना बांबूची, पत्र्याची, प्लॅस्टिकची छपरं. पाट्यांवर बहुतेक एकच आडनाव, पाल. मूळचे कुंभार, नदिया जिल्ह्यात कृष्णनगरकडचे. इंग्रजांचं कोलकाता वाढलं तसे इथे येऊन राहिले. जवळच्या शोभाबाजार राजवाड्यात नवकृष्ण देव यांनी १७५७ साली दुर्गापूजा मांडली आणि मग श्रीमंत घरांची चढाओढ लागली. तेव्हा मूर्तिकार यजमानाच्या घरी जाऊन तिथल्या ठाकुरदालनातच, म्हणजे पूजेच्या दालनातच, मूर्ती घडवत. काही जुन्या घरांत अजून तसंच चालतं. १९४७ नंतर पूर्व बंगालमधून आलेले मूर्तिकार याच गल्ल्यांत सामावले.

सप्टेंबरात येणं फायद्याचं ठरलं. विश्वकर्मा १७ तारखेचा, तो रंगून तयार. दुर्गा रंगाआधीच्या पांढऱ्या हातावर. कोजागरीच्या लक्ष्मी फळीवर ओळीने वाळताहेत. आणि कालीपूजा दिवाळीत, म्हणून काली अजून नुसता पेंढा. रथयात्रेला लाकडी सांगाड्याची, त्यांच्या भाषेत काठामोची, पूजा करून हंगाम सुरू होतो. तिथपासून शेवटपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या एका छपराखाली बघायला मिळताहेत.

ज्यांच्याकडे बसायची परवानगी मिळाली ते मालक साठीचे. पेणचं नाव त्यांनी ऐकलं होतं. आमच्या मूर्तीचे फोटो फोनवर मोठे करून करून पाहिले आणि विचारलं, आत काय घालता? काही नाही, पोकळ असते, साच्यातली, म्हटलं. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर पेंढा बांधणाऱ्यांकडे बोट करून, तिथे बस, म्हणाले.

१० सप्टेंबर

दिवसभर काली बांधताना पाहिली. या प्रकल्पातलं सगळ्यात महत्त्वाचं पान बहुधा हेच.

खाली फळ्यांचा पाट. त्यात बांबू उभे ठोकलेले, मागून आडव्या पट्टीने बांधलेले. पेंढा किंचित ओला करून घेतात, नाहीतर मुडपताना तुटतो. मूठ-मूठ पेंढा घ्यायचा, बांबूभोवती लावायचा आणि ज्यूटच्या सुतळीने आवळायचा. सुतळीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं हातात, गाठ मारताना दात. मांडीला पेंढा जास्त, गुडघ्याला कमी आणि तिथे आवळ दुप्पट. पोटरीचा फुगवटा एका जास्तीच्या मुठीने येतो. दंड म्हणजे बांबूच्या कामटीवर पिळलेली पेंढ्याची जाड दोरी. कमरेचा बाक, पुढे टाकलेल्या पावलाचा भार, खांद्यांची तिरकी रेघ, सगळं इथेच ठरतं. संध्याकाळी सहाला माती लागायच्या आधीच ती काली चालताना दिसत होती. डोकं नाही, बोटं नाहीत, तरी कुणाकडे निघाली आहे ते कळत होतं.

आम्ही मूर्ती म्हटली की मातीचा विचार करतो. इथे शरीर पेंढ्याचं आणि माती म्हणजे कातडी. वजन कमी राहतं ते यामुळे, आणि बारा फूट उंची मिळते तीही यामुळेच. बाबांची ‘माती वेगळी’ अर्धीच खरी.

बांधणारे कारीगर वेगळे. ते रंगाला हात लावत नाहीत. नदियातून हंगामापुरते येतात, माळ्यावर झोपतात, जेवण मालकाकडे. त्यांच्यातल्या वयस्कराचं म्हणणं असं की सैल बांधलेला पेंढा मातीने सावरत नाही, सहा आठवड्यांनी तडा बरोबर त्याच जागी जातो. त्याने माझ्या हातात सुतळी दिली आणि मी बांधलेला हात नुसता अंगठ्याने दाबून बघितला. मग उलगडून पुन्हा माझ्याच पुढ्यात टाकला. संध्याकाळपर्यंत हेच चालू.

१२ सप्टेंबर

माती. चिकट ती एँटेल माटी. उलुबेरियाच्या बाजूने होड्यांतून हुगळीवरून कुमारटुली घाटाला येते आणि तिथून डोक्यावरच्या टोपल्यांतून गल्लीत. पायांनी तुडवतात. पहिल्या थरात भाताचं तूस मिसळतात. या थराला एकमेटे म्हणतात. माती पेंढ्यावर लिंपायची नाही, बोटांनी आत कोंबायची, म्हणजे काड्यांच्या मध्ये शिरून ती पकड घेते. मग वाळू द्यायचं.

वाळताना ती तडकते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही! पेणमध्ये तडा दिसला की घरात सुतक. इथे पहिल्या थराने मनसोक्त तडकावं, आकसायचं तेवढं आकसून घ्यावं, अशीच अपेक्षा असते. त्यावर दुसरा थर, दोमेटे. यात रेतीचा अंश असलेली बेले माटी मिसळतात, काही ठिकाणी ज्यूटचे तंतूही. सांध्यांवर आणि मोठ्या भेगांवर जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या, पातळ चिखलात बुडवून. वरून बांबूच्या चपट्या कोरणीने घोटायचं. या कोरणीला चियाडी म्हणतात. पालांच्या हातात ती सारखी असते, बोलताना कान खाजवायलासुद्धा.

साचा फक्त चेहऱ्याला. मातीच्या साच्यात दाबून काढलेला मुखवटा मानेवर बसवतात आणि मग पुन्हा हाताने ओठ, नाकपुड्या उचलतात. बोटं वेगळी वळून वाळवतात आणि शेवटी तळव्याला जोडतात. आमच्याकडे सगळं अंग साच्यात आणि हातकाम सोंडेपुरतं, दागिन्यांपुरतं. अगदी उलट हिशोब.

१४ सप्टेंबर

पाऊस. गॅसच्या बत्तीने दुर्गेचे गुडघे भाजत बसलेत. हे वाळवणं कुणालाच आवडत नाही, वरची कातडी सुकते आणि आत ओल राहते. पण तारीख कुणाला चुकते? या बाबतीत पेण आणि कुमारटुली सख्खे भाऊ.

१५ सप्टेंबर

चायना पाल यांचा कारखाना बघून आले. गर्दी होती, बोलणं झालं नाही, बाहेरूनच काम पाहिलं. त्या आणि माला पाल, दोघींनी वडील गेल्यावर काम हाती घेतलं, आणि बायकांनी देव घडवायचे का यावर तेव्हा गल्लीत नाकं मुरडली गेली होती. आता दोघींची नावं सगळीकडे छापून येतात. अर्धनारीश्वर रूपातली दुर्गा चायना पाल यांनीच घडवली. आमच्या पेणजवळच्या हमरापूर-जोह्याकडे निम्मं रंगकाम बायका करतात, पण पाटीवर नाव मात्र कारखानदाराचं. हे दादाला वाचून दाखवायचं आहे.

१७ सप्टेंबर

विश्वकर्मा पूजा. हत्यारांना फुलं, दुपारनंतर सुट्टी, आकाशभर पतंग. इथे पतंग संक्रांतीला नाही, आज.

सुट्टीचा फायदा घेऊन मालकांना उंचीबद्दल विचारलं. मूर्ती पहिल्यापासून एवढ्या मोठ्या का? नाही. जुनी पद्धत एकचाला: दुर्गा, लक्ष्मी, सरस्वती, गणेश, कार्तिक सगळे एकाच चौकटीत, मागे रंगवलेला अर्धगोल फलक, म्हणजे चालचित्र. घरच्या पूजेला अजून तीच लागते. १९३० च्या दशकात गोपेश्वर पाल यांनी पाचही मूर्ती सुट्या केल्या. हे तेच जी. पाल, १९२४ साली लंडनजवळ वेम्बली इथल्या साम्राज्य प्रदर्शनात गेलेले. लोकांसमोर बघता बघता मातीतून माणूस उभा करत. सुट्या झाल्यावर प्रत्येक मूर्तीला स्वतःचा तोल, स्वतःची जागा मिळाली, आणि सार्वजनिक पूजांच्या मांडवांनी उंची वाढवत नेली. आमच्याकडेही उंची मंडळांनीच वाढवली. फरक एवढाच की आम्ही उंची गाठायला साहित्य बदललं, त्यांनी मांडणी बदलली.

परदेशी जाणाऱ्या मूर्ती मात्र इथेही फायबरग्लासच्या. महिने आधी बोटीने जातात, मातीला तो प्रवास झेपत नाही. मालकांना यात काही वावगं वाटत नाही, मलाही नाही.

१९ सप्टेंबर

रंग भराभर लिहून टाकते, कारण यात आम्हाला शिकण्यासारखं कमी आहे. आधी खडूच्या मातीचा पांढरा हात, मग रंग. बांधणीला पूर्वीपासून चिंचोक्याची खळ, आता बरंच काम तयार रंगांवर आणि स्प्रेवर. चेहऱ्याला शेवटी चमक देतात ते घामतेल. केस ज्यूटचे, काळे रंगवलेले. ते हावडा जिल्ह्यातल्या गावांतून येतात आणि करणारी बरीच कुटुंबं मुसलमान आहेत. पांढरेशुभ्र मुकुट शोल्याचे. शोला म्हणजे पाणथळ जागी वाढणाऱ्या झुडपाचा गाभा, थर्माकोलसारखा हलका. तो कापणारे मालाकार. चांदीच्या वर्खाची झगमगीत सजावट म्हणजे डाकेर साज. हा वर्ख एकेकाळी जर्मनीहून टपालाने यायचा.

आमच्या थर्माकोलच्या मखरांना शोला हे उत्तर होऊ शकतं का? वेगळी वही लागेल. आता नाही.

२१ सप्टेंबर, महालया

पहाटे चारला ‘महिषासुरमर्दिनी’ ऐकायला गल्लीतले सगळे रेडिओ एकदम सुरू झाले. रीत अशी की आज चक्षुदान, देवीचे डोळे आजच आखायचे. खरं तर बहुतेक डोळे होऊन गेलेत. हल्ली मांडव महालयेच्या आसपासच उघडतात, मूर्ती आधीच गाडीत चढतात. मालकांनी एका घरच्या पूजेची एकचाला मुद्दाम आजवर ठेवली होती. आंघोळ करून, कोरं धोतर नेसून शिडीवर चढले.

मी कामासाठीच बघत होते, तेव्हा नोंदही कामाचीच. आमचा गणपतीचा डोळा हाताच्या अंतरावर, फिरत्या पाटावर, नजरेला नजर देऊन आखला जातो. घरात तो तसाच, समोरासमोर पाहिला जातो. इथला डोळा माझ्या तळव्याहून लांब, पार कानाकडे ओढलेला, आणि बघणारा खाली उभा. म्हणून वरची पापणी जाड आणि बुबुळ मधल्या रेषेच्या किंचित खाली. शिडीवरून बघितलं तर देवी झोपाळलेली वाटते, खाली उतरलं की थेट आपल्याकडे बघते. मालक एका डोळ्यासाठी दोनदा उतरले. पाच फुटी गणपती मंडपात चौथऱ्यावर चढला की त्याचे डोळे आठ फुटांवर जातात, आणि आम्ही मात्र ते फिरत्या पाटाच्या सवयीने आखतो. मोठ्या मूर्ती पुष्कळदा छताकडे बघत असल्यासारख्या वाटतात, त्याचं कारण आज कळलं.

त्यांनी मला एका लक्ष्मीचे डोळे आखू दिले. मग दुसऱ्या लक्ष्मीचे. तिसरी मी मागून घेतली.

२३ सप्टेंबर

रात्री जो पाऊस कोसळला तो कोलकात्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. शहर तुंबलं, विजेचा धक्का लागून माणसं गेली. गल्लीत पाणी. मूर्ती विटांवर, फळ्यांवर चढवल्या होत्या तरी पाटाजवळची माती कित्येक ठिकाणी गळून पडली. सकाळी कुणी डोक्याला हात लावून बसलेलं दिसलं नाही. गळलेलीच माती पाटीत गोळा केली, पुन्हा मळली, कापडाच्या पट्ट्यांसकट परत बसवली, बत्त्या पेटवल्या. आतला पेंढा जागच्या जागी होता. पीओपीचा पाय तुटला की आम्ही लांबी, म्हणजे पुट्टी, भरून डाग रंगाखाली लपवतो. इथे जे पडलं तेच परत लागतं.

पूजा पाच दिवसांवर, आणि मी उद्या निघते आहे. या गर्दीत बिनकामाचं माणूस पायात येतं.

९ नोव्हेंबर, पेण

भात कापून झालं. पेंढ्यासाठी दोन गावं फिरले. मळणी यंत्रातून निघालेला पेंढा चुरगळलेला असतो, सुतळी आवळली की तुटतो. ज्यांनी हाताने झोडणी केली त्यांच्याकडचा सरळ, लांब, तोच घेतला. बाकी यादी बघून दादा हसला: बांबू, पेंढा, तूस, सुतळी, चिकणमाती. सगळं तालुक्यातलं. आणि शाडू मात्र गुजरातेतून गोणीच्या भावाने येतो.

माती खाडीची घ्यायची नाही असं ठरवलं. खारी आहे, सुकली की पांढरं मीठ वर येतं आणि रंग धरत नाही. शेताच्या बांधाजवळची चिकट माती आणि तळ्याचा गाळ, असे दोन ढीग केले.

१६ नोव्हेंबर

बांधणी. गणपती म्हणजे दुर्गा नव्हे. बसलेला असल्याने भार खाली येतो, ते सोयीचं. पोटासाठी बांबूच्या कामट्यांचे कडे केले आणि पेंढा फक्त बाहेरून बांधला, नाहीतर पेंढ्याचे भारेच्या भारे आत गेले असते. सोंडेला पिळलेली दोरी सुंदर बसते, हवा तसा बाक देता येतो आणि साच्याची सक्ती नाही. त्रास कानांचा. पातळ आणि पसरट वस्तू पेंढ्याला मानवत नाही. कुमारटुलीतला गणेश दुर्गेच्या कुटुंबातला, लहान असतो, त्याचे कान नुसत्या मातीच्या पापडीचे चालून जातात. इथे कामटीची चौकट करून तिच्यावर गोणपाट ताणला.

बाबा येऊन गुडघा अंगठ्याने दाबून गेले. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

३० नोव्हेंबर

पहिला थर वाळला, छान तडकला. शेजारचे कारखानदार बघून हळहळले. त्यांना चहा पाजला.

१४ डिसेंबर

दुसरा थर गाळाचा, सांध्यांवर धोतराच्या पट्ट्या. यावर शेवटचा हात शाडूचा हवा, कारण आमच्या गिऱ्हाईकाला शाडूची गुळगुळीत कांती लागते. पण शाडू आणि गाळ एकसारखे आकसत नाहीत, वरचा पापुद्रा सुटतो. तुकड्यांवर करून पाहिलं. मध्ये अर्धा गाळ, अर्धा शाडू असा पातळ थर दिला की दोघांचं जमतं. गाळ मात्र कापडातून गाळून घ्यायला हवा.

एक फरक इथे आडवा येतो. कुमारटुलीत पाठ बहुतेक कच्चीच सोडतात, मागे चालचित्र किंवा मांडवाचा पडदा असतो. आमची मिरवणूक गावभर फिरते आणि निम्मे लोक गणपतीच्या मागेच नाचतात. पाठ पुरी करावी लागली. मजुरी वाढली ती तिथेच.

४ जानेवारी २०२६

चौथऱ्यावर ठेवून डोळे आखले. दोनदा उतरले.

११ जानेवारी

टेम्पोत चढवली, दोघांनी. याच उंचीच्या भरीव शाडूला हे स्वप्नातही शक्य नव्हतं. महामार्गावरून वडखळपर्यंत नेऊन आणली. या रस्त्याने मूर्ती शाबूत परत आली तर ती लालबागेतही जाईल. एका करंगळीला चीर, कानाच्या कडेला पोपडा. दोन्ही तिथल्या तिथे ओल्या मातीने बुजवले.

बांधणी शिकताना केलेली छोटी मूर्ती हौदात सोडून बघितली. सकाळपर्यंत माती खाली बसली, पेंढा आणि कामट्या वर तरंगत होत्या. म्हणजे सांगाडा काढून घेणारं माणूस हवंच. कोलकात्याच्या घाटांवर विसर्जन झालं की लगेच क्रेनने सांगाडे उचलतात, आणि त्यांतले बरेच पुढच्या वर्षी पुन्हा कामाला येतात. मंडळाला विकतानाच सांगायचं: सांगाडा परत आणून दिलात तर पुढच्या वर्षी किंमत कमी.

१८ जानेवारी

हिशोबाला बसलो. साच्यातून एवढ्या वेळात कितीतरी पीओपी मूर्ती निघतात, हे दादाने दोनदा सांगितलं आणि ते खरंच आहे. साहित्य स्वस्त, हात महाग, आणि जागा सगळ्यात महाग, कारण वाळायला महिना जातो आणि तेवढा वेळ मूर्ती हलत नाही. घरगुती मूर्तीला ही पद्धत लावण्यात अर्थ नाही, तिथे शाडू उत्तम आहे. तीन फुटांच्या वर मात्र हीच. यंदा मोजक्याच घ्यायच्या आणि होळीच्या आत बांधून ठेवायच्या, म्हणजे उन्हाळा वाळवणीला मिळतो. कुमारटुलीला पावसात बत्त्या घेऊन बसावं लागतं, आम्हाला वैशाख आहे.

एका मंडळाची माणसं बघून गेली. पाच फुटी हवी, पण आत गवत आहे हे लोकांना सांगू नका म्हणाली. मी सांगणार आहे. पावतीवरच लिहीन.

२५ जानेवारी

जादा पेंढा घेऊन माळ्यावर रचला. उंदरांचं काय करता, असं फोन करून मालकांना विचारलं. मांजर पाळतो, म्हणाले. बाबांना सांगितलं, तर त्यांना ते अजिबात पटलं नाही. गणपतीच्या कारखान्यात मांजर म्हणजे काय, म्हणाले.